देवळातला दुसरा प्याला

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. मंडळीतल्या सहभागितेवर चार उत्तेजनाचे शब्द लिहून द्या, असं त्यात होतं. नातसुनेनं दोनदा वाचून दाखवलं. उत्तेजन पाहिजे असेल तर पाळकांना विचारावं, त्यांच्याकडं त्याचा तुटवडा नसतो. मी पाळक नव्हतो, मास्तर नव्हतो, पंचही नव्हतो. मी देवळाचा शिपाई होतो. हिंगोलीहून गोरेगावाकडं जाताना आडबाजूला एक खेडं आहे, तिथं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची लेकरं अजून तिथं राहतात. तिसरी यत्ता अर्धी टाकून मी शाळेतून उठलो, तेवढ्या शिक्षणावर हे लिहिलं आहे. कुणी सुधारायला जाऊ नये. एक ओळ बदललेली दिसली तर अंक परत पाठवीन.

देवळाचा शिपाई म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. झाडलोट करणं, सतरंज्या अंथरणं, कंदिलाच्या काचा पुसणं, रांजण भरणं, आणि कुणी गेलं तर कबर खोदणं. पण खरं काम घंटेचं. आमच्या देवळाला घंटा नव्हती. आगगाडीच्या रुळाचा एक हातभर तुकडा निंबाच्या फांदीला तारेनं टांगला होता, आणि लोखंडी पहारीनं तो मी वाजवायचो. रविवारी दोन वेळा, आणि रोज सकाळी एकदा प्रार्थनेसाठी. प्रार्थनेला आमची पाच-सहा माणसं यायची, पण त्या आवाजावर सगळं गाव उठायचं. ज्यांचा येशूशी काही संबंध नाही अशी कुणब्यांची माणसं माझ्या रुळावर बैल जुंपायची. मी एक दिवस तापानं पडलो तर पाटलाचा सालगडी दारात येऊन ओरडला, "याकोब, मेला का रं? औतं खोळंबून राहिली सगळी!"

मरणाची घंटा वेगळी. एक ठोका, मग दहा श्वास थांबायचं, मग दुसरा ठोका. एकदा लाजरकाकांचा श्वास थांबला असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून मी रूळ वाजवायला घेतला. तिसऱ्या ठोक्याला काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोण गेलं?" त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि मी दिसलो की म्हणायचे, "पुढच्या टायमाला नाडी बघून वाजव, याकोब." कबर अर्धी खोदून झाली होती. ती मला परत बुजवावी लागली, आणि खोदण्यापेक्षा बुजवायला जास्त तकलीफ झाली.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण संपादकांनी सहभागिता हा शब्द लिहिला आणि मला दुसरंच काही आठवलं. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मंडळीत दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. बाप्तिस्म्याच्या आधी आम्ही दोन वेगळ्या जातींचे होतो आणि एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हतो. गावातले बाकीचे लोक तर दोघांच्याही हातचं पीत नव्हते, ते वेगळंच. जातींची नावं लिहीत नाही. ती नावं आम्ही पाण्यात सोडून आलो असं सगळ्या जगाला सांगत होतो. मी वरच्या आळीचा. देवळात वरची आळी उजव्या हाताला बसायची, खालची डाव्या हाताला. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. त्याची तयारी माझ्याकडं. द्राक्षांचा रस आमच्या मुलखात कुठून येणार? मनुका आणायच्या, शनिवारी भिजत घालायच्या, हातानं कुस्करायच्या, फडक्यातून पिळून मंद आचेवर एक उकळी द्यायची. जास्त उकळलं तर काकवी होते, कमी उकळलं तर दुपारपर्यंत आंबतं. माझा रस कधी आंबला नाही. पाव हिंगोलीच्या भट्टीतून यायचा. भट्टी मुसलमानाची होती, म्हणून त्या पावावरून दोन्ही आळ्यांत कधी वाद झाला नाही. वाद झाला तो प्याल्यावरून.

प्याला एकच होता. पितळेचा, बुडाला दांडी असलेला, फार जुन्या काळी कुण्या साहेबानं दिलेला. एका बाजूला पोचा होता. लोक कठड्यापाशी ओळीनं गुडघे टेकायचे, पाळकसाहेब प्रत्येकाच्या ओठाला प्याला लावायचे, आणि मी फडक्यानं कड पुसत मागं चालायचो. एका वर्षी विहिरीवर दोन्ही आळ्यांच्या बायांचं जोराचं भांडण झालं. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मला एक गोष्ट ध्यानात आली. वरच्या आळीची माणसं ओठ लावत होती, पण पीत नव्हती. पाळकसाहेबांना ते दिसलं नाही, कारण ते प्रार्थनेचे शब्द म्हणत असायचे. मला कळलं, कारण ओळ संपल्यावर प्याला माझ्या हातात आला तेव्हा तो होता तेवढाच जड होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी ओठही लावला नाही. आलेच नाहीत. वरच्या आळीचे पंच शमुवेलकाका, माझ्या बापाचे जोडीदार, दारात खाटेवर बसून राहिले. मी बोलवायला गेलो.

"काका, रूळ ऐकू आला न्हाई का?"

"आला की. कान शाबूत हायेत माझे."

"मग?"

"आमच्यात दम हाय तवर येऊ. पण उष्टं काहून प्यावं, याकोब? आधी आमी पिलो तर खालची आळी रुसती, आधी ते पिले तर आमाला गिळवत न्हाई."

पाळकसाहेब त्या दिवशी उपासना संपल्यावर देवळातच बसून राहिले. ते कोकणाकडचे. वयानं माझ्यापेक्षा थोडेच मोठे. मला म्हणाले, "याकोब, ज्या मंडळीला एका प्याल्यातून पिता येत नाही, तिचा मी पाळक कशाचा? मी बदली मागून घेतो." आणि ते रडले. पाळक रडताना मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

मी जिद्दी माणूस आहे. पाळक जाऊ द्यायचा नाही आणि वरची आळी परत आणायची, दोन्ही करायचं ठरवलं. प्याला फडक्यात गुंडाळला आणि हिंगोलीला कासिमभाईकडं गेलो. कासिमभाई भांड्यांना कलई करायचा आणि पितळेची बारीक कामंही करायचा. देवळाचे कंदील तोच दुरुस्त करून द्यायचा. त्याला म्हणालो, "भाई, अस्सा दुसरा पाहिजे. बराबर अस्साच."

त्यानं प्याला उजेडात फिरवला. "ये पोचा भी होना?"

"पोचा भी."

"अरे, लोगां पोचा निकालने आते, तू डलवाने आया? कायकू?"

"तुला काय करायचं? मार पोचा."

तो हसला आणि लहान हातोडीनं मोजून एक ठोका मारला. दोन्ही प्याले शेजारी ठेवले तर मला स्वतःला ओळखता येईनात.

पुढचं सोपं होतं. शमुवेलकाकांच्या कानात सांगितलं, "काका, तुमी पहिल्या ओळीत बसत जा, खालच्या आळीची समजूत मी काढतो. तुमच्यामागं मी प्याला भरायच्या निमित्तानं कपाटाकडं वळतो आणि दुसरा आणतो. खालच्या आळीला तो दुसरा. तुमचा वेगळा, त्यांचा वेगळा. पाळकसाहेबांना कळत न्हाई, खालच्या आळीला कळत न्हाई." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझा बाप असता तर खूश झाला असता." मला वाटलं, माझ्या नोकरीतलं सगळ्यात हुशारीचं काम मी केलं.

पुढच्या पहिल्या रविवारी वरची आळी आली. ओळ झाली, प्याला हलका होऊन माझ्या हातात आला, मी कपाटाकडं वळलो आणि दुसरा घेऊन फिरलो. कुणाला काही दिसलं नाही. पाळकसाहेबांनी बदलीचा अर्ज फाडला. म्हणाले, आत्म्यानं काम केलं. मी मनात म्हणालो, आत्म्यानं आणि याकोबानं.

असं पुष्कळ वर्षं चाललं. लांबून एक बडे साहेब आले, त्यांनी हे बघितलं आणि आमची मंडळी म्हणजे नमुना आहे असं म्हणाले. फोटो काढला. मधे पाळकसाहेब, उजवीकडं शमुवेलकाका, डावीकडं खालच्या आळीच्या मार्थाबाई, आणि कोपऱ्यात मी, मिशीला पीळ भरून, हातात प्याला. मार्थाबाई बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायांना वाचून दाखवायच्या, आजाऱ्यांपाशी बसायच्या. नवऱ्यानं बाप्तिस्म्यापायी घराबाहेर काढलेली बाई. देवळाच्या मागं निंबाला लागून त्यांची खोली होती.

आता एक रीत सांगून ठेवतो, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. प्याल्यात उरलेला रस कुठंही फेकायचा नसतो. तो प्रभूच्या मेजावरचा असतो. पाळकानं पिऊन टाकावा, नाही तर शिपायानं, नाही तर जिथं पाय पडत नाही अशा मातीत ओतावा. आमच्याकडं ते काम माझं होतं. उपासना संपली की मी दोन्ही प्याले फडक्याखाली घेऊन मागच्या दारानं निंबाखाली जायचो.

मग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साल आलं. आमच्याकडं निजामाचं राज्य. आधी रझाकारांच्या भीतीनं लोक पळत होते. मग फौज आली, राज्य पडलं आणि लोक उलट्या बाजूनं पळायला लागले. काल ज्यांची भीती होती त्यांच्या नावाखाली गरीब मुसलमानांच्या दारावर लोक जायला लागले. आमच्या गावात पक्क्या भिंतींची जागा एकच, देऊळ. दोन्ही आळ्या बायका-लेकरांसकट आत येऊन बसल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ज्वारीच्या उभ्या पिकातून कासिमभाई आला, बायको आणि सून घेऊन. त्याच्या पायात जोडा नव्हता. मला बघून म्हणाला, "याकोब, कंदील का काम है कुछ?" आणि मटकन खाली बसला. पाळकसाहेबांनी तिघांना आत घेतलं आणि बायांच्या मधे बसवलं.

तासाभरानं आठ-दहा माणसं काठ्या घेऊन दारात आली. आत कोण कोण आहे, म्हणाली. पाळकसाहेब उठायच्या आधी शमुवेलकाका उठले आणि चौकटीत आडवे उभे राहिले.

"आत मंडळी हाय."

"हिंगोलीचा कलईवाला हाय का?"

"सांगितलं ना मंडळी हाय म्हणून. एकूणएक आमचीच माणसं. मोजायची असतील तर आधी माझ्यापासून मोजा."

त्यांना काकांची ओळख होती. शिव्या देत गेली. मी भीतीनं बायांच्या मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. काका मागं सरले नाहीत, हे मी लिहूनच ठेवतो.

तीन दिवस आम्ही आत होतो. पळताना कुणी गंगाळ आणलं, कुणी कोंबडी आणली, पण तांब्या-पेला कुणी आणला नव्हता. रांजण भरलेला आणि प्यायला भांडं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "याकोब, प्याला काढ." मी कपाट उघडलं आणि हाताला लागला तो काढला. त्या एका प्याल्यातून सगळी प्याली. वरची आळी, खालची आळी, कासिमभाईची सून. तिसऱ्या दिवशी शमुवेलकाकांना ताप भरला तर मार्थाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. आधी स्वतः घोट घेऊन बघितला, गार आहे का म्हणून, आणि मग त्यांच्या ओठाला लावला. मी पाहत होतो. काका काही बोलतील असं मला वाटलं. ते घटाघट प्याले.

मला वाटलं, झालं. आता दुसऱ्या प्याल्याचं काम संपलं. कुणाला न कळता मी तो काढून टाकीन.

त्याच दुपारी कासिमभाईच्या हातात प्याला गेला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तो सवयीनं उजेडात फिरवला आणि पोच्यावर अंगठा ठेवला. आल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

"ये तो मेरे हात का पोचा है. याकोब, असली कहाँ है?"

पाळकसाहेब तिथंच बसले होते.

"असली कुठला?" त्यांनी विचारलं.

"दो थे ना साब. एक का जोडा मैंने बनाया." आणि माझा चेहरा बघून कासिमभाई गप झाला. ज्याचा जीव आम्ही वाचवत होतो त्यानं मला उघडं पाडलं, आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं.

मी उठलो, कपाटातून पहिला प्याला आणला आणि दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. पाळकसाहेबांनी एकदा ह्याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग माझ्याकडं.

"किती वर्षं?"

"तुमी बदली मागत होता तवापासून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बसल्या जागी हात मांडीत धरून राहिले, जसे म्हातारी माणसं धरतात. म्हणाले, "मी ह्याची साक्ष देत फिरलो, याकोब. गावोगाव."

मी म्हणालो, "साहेब, मंडळी मोडू नये म्हणून केलं. खालच्या आळीला कळू दिलं न्हाई मी."

"आमाला ठाऊक व्हतं," मार्थाबाई म्हणाल्या.

काकांचं डोकं अजून त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि लुगड्याचा पदर नीट केला.

"पहिल्याच महिन्यात कळलं. आमी काय आंधळे हाव? कपाटाकडं जाताना तुझा प्याला रिकामा ऱ्हायचा आणि रसाचं बोळकं न हलवता भरून यायचा."

पाळकसाहेबांनी मान वर केली. "मग तुम्ही बोलला का नाहीत, मार्थाबाई?"

"तुमी खुशीनं रडून राहिले व्हते, साहेब. वरची माणसं निदान एका छपराखाली येऊन राहिली व्हती. म्या म्हनलं, आज येतात, उद्या पितील. वाट बघितली." मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "पर एक इचारायचं ऱ्हायलं हाय, याकोब. माझी खोली निंबापाशी हाय. दर महिन्याला मी खिडकीतून बघते. पहिल्या प्याल्यातलं उरलेलं तू पितो. दुसऱ्यातलं मातीत वततो. एकदा बी चुकला न्हाईस. काहून?"

मी तोंड उघडलं. उत्तर आहे असं मला वाटत होतं. म्हणजे, सगळं मी वरच्या आळीच्या हट्टापायी केलं, पाळकसाहेबांपायी केलं, मला स्वतःला काही नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण हात माझा होता. दुसरा प्याला निंबाखाली वाकडा करणारा हात माझाच होता, आणि तो काय करून राहिला ते मी एकदाही बघितलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, नव्हतं बघितलं. आजही मार्थाबाई समोर आल्या तर, हात माझा होता, ह्यापलीकडं मला काही सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी गाव शांत झालं. कासिमभाई बायको-सुनेला घेऊन नातलगांकडं निघून गेला. निघताना माझा हात धरून म्हणाला, "माफ करना, मैंने कुछ गलत बोला क्या?" मी म्हणालो, "न्हाई भाई, बराबर बोलला." तो परत हिंगोलीत दिसला नाही. त्याच्या दुकानाच्या जागी पुढं दुसरं कुणी बसलं.

पहिला रविवार जवळ आला. पाळकसाहेब मला एवढंच म्हणाले, "मेज तू मांडतोस. काय मांडायचं ते तूच ठरव." एवढं मोठं ओझं कुणी शिपायावर टाकतं का? मी शनिवारी मनुका भिजवल्या, पिळल्या, उकळल्या. मग पहिला प्याला, साहेबाचा, वरच्या आळीचा, घेतला आणि निंबाखाली जिथं इतकी वर्षं ओतत होतो तिथंच खड्डा करून पुरला. कबरी खोदायची सवय होती, वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी रूळ दुसऱ्यांदा वाजवायच्या आत शमुवेलकाका आले. ताप उतरला होता, काठी टेकत आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "दुसरा तयार हाय ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काका, काय म्हनून राहिले तुमी? तुमी मार्थाबाईच्या हातून प्यालात. त्यांनी आधी घोट घेतला, मग तुमी घेतला. माझ्या डोळ्यांसमोर."

"ते पाणी व्हतं, याकोब. तवा जीव जाऊन राहिला व्हता."

"आणि आता काय जाऊन राहिलं न्हाई?"

काठ्यांसमोर छाती करून उभा राहिलेला हा माणूस. मला त्या काठ्यांची भीती वाटली होती, पण ह्या एका वाक्यानं मी जेवढा हबकलो तेवढा त्या दिवशीही नव्हतो.

"एकच हाय, काका," मी म्हणालो. "कासिमभाईच्या हातचा. दुसरा मातीत गेला."

काका वळले आणि घरी गेले. त्यांच्यामागं वरच्या आळीतली बरीच गेली. मी रूळ वाजवला, इतका जोरात की तार तुटायची वेळ आली. आत खालची आळी होती आणि वरच्या आळीतली माझी बायको, लाजरकाका आणि आणखी दोन घरं. मी खालच्या आळीला पहिल्या ओळीत यायला सांगितलं. त्या दिवशी मी फडकं घेऊन मागं चाललो नाही. फडकं खांद्यावर टाकलं आणि मार्थाबाईंच्या शेजारी, त्यांच्यानंतर, गुडघे टेकले. पाळकसाहेब माझ्यापाशी थांबले. मार्थाबाईंच्या ओठांचा ओला ठसा कडेवर होता. मी तो पुसला नाही. तिथंच ओठ लावला आणि प्यालो.

उपासना संपली तेव्हा प्याला फार जड होता. अर्धी मंडळी आली नव्हती. पाळकसाहेबांनी तो माझ्याकडं दिला. मागच्या खिडकीत मार्थाबाई उभ्या होत्या की नाही, ते मी बघितलं नाही. निंबाखाली उभं राहून मी सगळा प्यालो. माझा रस गोड होतो म्हणतात. त्या दिवशी मला चव कळली नाही.

वरच्या आळीतली काही घरं पुढं परत आली, काही कधीच आली नाहीत. शमुवेलकाका आले नाहीत. रस्त्यात भेटले की मान फिरवायचे. मी पण फिरवायचो, मी काय कमी आहे? नाताळाच्या आधी थंडी पडली आणि त्यांचा ताप परत उलटला. ह्या खेपेला बरं होण्यासारखं नव्हतं. आजाऱ्यापाशी बसायचं काम मार्थाबाईंचं, त्या रोज जाऊन बसत होत्या. काका त्यांना नको म्हणत नव्हते, या पण म्हणत नव्हते. एके सकाळी त्यांच्या सुनेनं निरोप आणला की काका प्रभुभोजन मागतात.

पाळकसाहेब आणि मी गेलो, तेव्हा मार्थाबाई उशाशी बसलेल्या होत्या. मी प्याला फडक्यातून काढला. काका फार वाळले होते. त्यांनी हात लांब करून प्याला चाचपला, पोचा सापडेपर्यंत.

"कोणता हाय?"

"एकच हाय, काका. सांगितलं व्हतं तुमाला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता तोंड फिरवतात. पाळकसाहेब वाट बघत होते. मग काका म्हणाले, "आधी मार्थीला द्या."

खोलीत आम्ही चौघंच होतो. मार्थाबाईंनी प्याला घेतला. एक घोट घेतला आणि कड न पुसता काकांच्या ओठाला लावला, देवळात पाणी पाजलं होतं अगदी तसाच. काका प्याले. थोडा रस हनुवटीवरून ओघळला, तो त्यांनी जिभेनं आत घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"मनुका कमी घातल्या रं, याकोब."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी रूळ वाजवला. एक ठोका, दहा श्वास, दुसरा ठोका. लाजरकाका शेजारी उभे होते, ते म्हणाले, ह्या खेपेला नाडी बघितली ना? मी बघितली होती. दोनदा बघितली होती.

पण मनुका मी कमी घातल्या नव्हत्या. बराबर घातल्या होत्या. रस चांगला दाट झाला होता. ज्याला शंका असेल त्यानं पाळकसाहेबांना विचारलं असतं, पण आता तेही नाहीत.